सासऱ्यांसाठी मरळ

नदीकाठच्या एका गावात हैबती नावाचा भोळा गडी राहायचा. त्याला सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही. तीच तर पंचाईत होती.

त्याच्या बायकोचं नाव सारजा. तिच्या वडिलांच्या कानावर गेलं, की जावई अर्धवट आहे. त्यांनी निरोप धाडला, "रविवारी जेवायला येतो. जावयानं स्वतः गळानं धरलेली मरळ ताटात पडली, तर तो शहाणा. नाही पडली, तर लेक घेऊन जातो."

सारजाला जायचं नव्हतं. नवरा येडा खरा, पण दुधावरची साय आधी तिच्या वाटीत घालायचा. ती म्हणाली, "अहो, मरळ धरून आणा. अन् येताना बाजारातनं वांगी."

हैबती नदीवर गेला. त्या नदीला नियम होते आणि नियमांना येसाजीतात्या होते. कोण काय धरतंय ते बघत दिवसभर काठावर बसायचे. हैबतीच्या गळाला बोटाएवढा मासा लागला.

तात्या म्हणाले, "लहान आहे. लहान दिसलं की पाण्यात सोडायचं. मोठं होतं."

हैबतीने मासा सोडला. मग बाजारात गेला, वांगी घेतली. वांगी छान कोवळी, लहान लहान होती. तो तसाच नदीवर परत आला आणि एकेक करून सगळी पाण्यात सोडली.

"वांगी कुठायत?" सारजाने विचारलं.

"मोठी व्हायला ठेवलीत."

सारजाने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, खायची वस्तू अशी टाकायची नसते. टोपलीखाली झाकायची, वर वजन ठेवायचं. नाहीतर कोणीतरी खाऊन जातं."

"बरं," हैबती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तात्या बघतात, तर हैबती टोपली पालथी घालून तिच्यावर बसलेला.

"खाली काय रे?"

"गळ. गांडूळ लावून ठेवलाय."

"मग पाण्यात का नाही टाकला?"

"पाण्यात मासे खाऊन जातात, तात्या."

तात्यांनी त्याला उठवून गळ त्याच्या हातात दिला. मग म्हणाले, "लेका, गळ पाण्यातच टाकायचा. दोरी हातात धरायची, तोंडातनं शब्द काढायचा नाही. पलीकडनं ओढ लागली, की द्यायचा हिसडा."

"बरं."

तोवर ऊन चढलं. हैबती जेवायला घरी आला. सारजा अंगणात लुगडं पिळत होती. "जरा हे टोक धरा हो," म्हणाली. एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या.

"नीट धरलंय ना?"

हैबती काही बोलला नाही.

सारजाने ओढलं. हैबतीने हिसडा दिला. सारजा जागची उठली ती शेणाच्या पाटीत जाऊन बसली.

"लागली," हैबती म्हणाला. फार खूश झाला होता.

सारजा पाटीतूनच म्हणाली, "उद्या आबा यायचेत. पाया पडते, उद्या तात्या सांगतील तेवढंच करा. आपलं डोकं मध्ये घालू नका."

रविवारी हैबती पहाटेच नदीवर गेला. गप्प बसला. ओढ लागली, हिसडा दिला, आणि हाताएवढी मरळ काठावर येऊन पडली. हैबती नाचायला लागला. तात्याही नाचणार होते, पण मरळीचं पोट बघून थांबले.

"अंड्यावर आहे रे. पावसाळा तोंडावर आलाय. असं टम्म पोट दिसलं, की घरी न्यायचं नाही. दोन्ही हातांनी धरायचं, तोंड धारेकडे करायचं, हळूहळू हलवायचं अन् सोडून द्यायचं. एक सोडलं की पुढच्या साली नदी भरून जाते."

"सासरेमामा सारजाला नेतील, तात्या." हैबतीचे डोळे भरून आले.

"नियम तो नियम. बस अजून, दुसरी लागेल." तात्या भाकरी खायला घरी गेले.

हैबतीने मरळ सोडली, डोळे पुसले आणि पुन्हा गळ टाकला. तेवढ्यात सासरे आले. पाय धुवायला नदीत उतरले.

"काय जावईबापू, मरळ कुठाय आमची?"

हैबतीचं लक्ष त्यांच्या पोटाकडे गेलं. सदऱ्याच्या गुंड्या आता तुटतात की मग, असं टम्म पोट.

"मामा, हे पोट कधीपासनं?"

"लग्नापासनं. का बरं?"

"मग दिवस भरलेच की."

हैबतीने पाण्यात उतरून मामांना दोन्ही हातांनी धरलं. तोंड धारेकडे केलं. हळूहळू हलवलं.

"अहो जावईबापू," मामा एवढंच म्हणू शकले.

पाणी कमरेएवढंच होतं, पण पोट झकास तरंगत होतं. मामा तरंगत तरंगत वळणापलीकडे आपल्याच गावच्या घाटाला लागले. धुणं धुणाऱ्या बायकांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. लेक न्यायचं त्यांनी पुन्हा नाव काढलं नाही.

इकडे सारजा मसाला वाटून वाट बघत होती. "अहो, मरळ?"

"सोडली. अंड्यावर होती."

"अन् आबा? आले नाहीत व्हय?"

"आले होते. त्यांनाही सोडलं."

सारजाचा वरवंटा हातातच राहिला.

हैबती तिच्याजवळ बसला. मायेनं म्हणाला, "आता कशाला काळजी करतेस? एकदा पावसाळा होऊ दे. पुढच्या साली बघ, नदीत नुसते सासरेच सासरे."