रब्बींनी न दिलेलं उत्तर

फार जुन्या काळी, नदीकाठच्या एका नगरात, एका मुलीला पहिल्यांदा खटकलं ते अगदी एवढंसंच: वारलेल्या वडिलांचा ग्रंथ वाचला जात होता आणि त्यात वडील कुठेच अडत नव्हते.

तिचे वडील यहुद्यांचे थोर रब्बी, म्हणजे धर्मगुरू. धर्मशास्त्राचा अर्थ त्यांनी ओळीओळीने सोपा करून लिहिला होता. जिथे कळलं नाही तिथे सरळ लिहीत, ‘हे मला उमगलं नाही.’ शिकवतानाही तसंच म्हणत आणि स्वतःच हसत.

ते वारले. पट्टशिष्य गादीवर बसला. त्याने ग्रंथाची नवी प्रत केली आणि ‘उमगलं नाही’च्या जागी आपली उत्तरं घातली. नाव मात्र गुरूंचं!

मुलीच्या शेजारणीचा नवरा समुद्रावर गेला तो परतलाच नाही. अशा बाईने दुसरं लग्न करावं का? रब्बींनी लिहिलं होतं, ‘मला उमगलं नाही. उमगेपर्यंत तिला अडवू नये.’ नव्या प्रतीत होतं, ‘तिने जन्मभर वाट पाहावी.’ शेजारणीचं ठरलेलं लग्न मोडलं.

मुलगी दार वाजलं तरी दचकायची. पण त्या लोकांत एक रीत होती. अन्याय झाला तर कुणीही धर्मशास्त्राचं पोथीवाचन थांबवावं. कुणीतरी दाद देईपर्यंत पोथी उघडायची नाही.

शब्बाथ हा विसाव्याचा पवित्र दिवस; त्या दिवशी लिहिणंही वर्ज्य. त्या सकाळी प्रार्थनाघरात ती बायकांच्या जाळीमागून उठली, पुरुषांत आली आणि पोथी झाकली.

“माझ्या वडिलांच्या तोंडी खोटं घातलंय. कोण दाद देणार?”

“मांजर पाहून किंचाळणारी तू!” शिष्य म्हणाला. “गुरुजींना येत नव्हतं, हे जगाला सांगायचंय?”

काहीजण हसले.

“ते त्यांनीच सांगितलं होतं! याच बाकांवर बसून ऐकलंत ना सगळ्यांनी? मग माझ्या शेजारणीचं लग्न मोडलं तेव्हा तुमची वाचा कुठे गेली?”

कुणी दाढी कुरवाळली, कुणी छताकडे पाहिलं. तिने पुन्हा विचारलं, “कोण दाद देणार?”

“पोरी, घरी जेवणं निवतायत,” कुणीतरी कुरकुरलं.

तेवढ्यात जाळीमागे काठी आपटली. मुलगी दचकली. शिष्याची म्हातारी आई उभी राहिली होती.

“मी देते दाद! अरे, लहानपणीही उत्तर येईना की असंच ठोकून द्यायचास. गुरूने कान पिळले ते विसरलास? शब्बाथ सरला की ते सगळं खोड, त्या बाईला मोकळं कर. तसा शब्द देईस्तोवर पोथी मिटलेलीच राहील.”

“शब्द देतो,” शिष्य खाली मान घालून म्हणाला.

“बोल गं बाळ,” म्हातारी म्हणाली, “तुझे वडील खरं काय म्हणाले होते ते सांग. आम्ही ऐकतोय.”

दुसऱ्याच्या नावावर खोटं खपवणारा जितका दोषी, तितकेच खरं ठाऊक असून गप्प बसणारे.