गप्प ससे

“यातला एक तरी ससा ओरडतोय का, सर?” उपळेकरांनी विचारलं.

खानझोडे सर पिंजऱ्यांसमोर उभे होते. विद्यापीठाच्या प्राणीगृहात ते देखरेख समितीतर्फे आले होते. जनावरांची शस्त्रक्रिया उपळेकरांना त्यांनीच शिकवली होती. आज त्यांच्या सहीवाचून उपळेकरांचा प्रयोग पुढे जाणार नव्हता.

सशांच्या पायांची हाडं आदल्या दिवशी कापली होती. ती कशी जुळतात, ते पाहायचं होतं.

“दुखणं थांबवायचं औषध?”

“काल दिलं. आज नाही. त्यानं हाड उशिरा जुळतं, निकाल बिघडतो. आणि गरज कुठे आहे? बघा ना, किती शांत आहेत.”

सर एकेका पिंजऱ्यावरून नजर फिरवत राहिले.

“वर्गातही तुम्ही असेच गप्प राहायचात, सर.”

“तूही असाच बोलत राहायचास.”

सरांनी स्टूल ओढलं आणि पिंजऱ्यांकडे पाठ करून बसले.

“ससे मागे आहेत, सर.”

“बस.”

उपळेकर हसले. तेही भिंतीकडे तोंड करून बसले.

बराच वेळ काही नाही...

मग मागून आवाज आला. कर्र... कर्र...

“जाळी कुरतडतोय.”

“वळून बघ.”

उपळेकर वळले. आवाज थांबला. ससा जाळीपासून लांब, कोपऱ्यात अंग आखडून बसला होता. डोळे उघडे. नजर त्यांच्यावर.

ते पुन्हा भिंतीकडे वळले.

कर्र... दातावर दात. मग शेजारच्या पिंजऱ्यातून. मग सगळीकडून...

दुखणं असह्य झालं की ससा दात घासतो. हे सरांनीच शिकवलं होतं.

उपळेकरांच्या तोंडावरचं हसू गेलं. ते उठले. कपाटातून औषध काढलं, सुई भरली, पहिल्या पिंजऱ्यातल्या सशाला टोचली. बाकीचे ससे हालचाल न करता बघत होते.

त्यांनी हात धुतले. खिशातून पेन काढून सरांपुढे धरलं.

“दिलं औषध. बाकीच्यांनाही देतो, तुम्ही गेलात की. आता सही कराल ना?”

सरांनी पेन घेतलं नाही. स्टूल फिरवून दाराकडे तोंड केलं.

“आता तुझ्याकडे पाठ करून बसतो.”