गेनूनं बसवलेला हीटर

बोरखळी नावाचं एक गाव. तिथल्या शाळेत गेनू नावाचा भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे किती? तर ‘जरा थांब’ म्हटलं की शाळा सुटली तरी हा आपला तिथंच उभा. सांगितलेलं काम मात्र मन लावून करायचा. खरी पंचाईत तीच होती.

त्याच शाळेत हिंगमिरे सर होते. बायको आणि लहानगी लेक लातूरला, सर एकटे बोरखळीत. बदलीसाठी अर्ज करून करून बिचाऱ्याची बोटं झिजली. शेवटी पंचायत समितीचे सभापती नानासाहेब म्हणाले, “शाळेच्या कार्यक्रमात काहीतरी नवीन दाखवा. मग बघू तुमच्या बदलीचं.”

सरांनी सुटे भाग मागवले आणि टेबलावर मावेल असा प्रिंटर घरीच जुळवायला घेतला. प्लॅस्टिकची तार वितळवायची, थरावर थर चढवायचा, वस्तू उभी करायची, असा तो प्रिंटर. वस्तू कोणती? सभापतींचा टीचभर पुतळा. दुसरी कोणती असणार?

तार वितळायची ती एका धातूच्या ठोकळ्यात. ठोकळ्याला दोन भोकं. एकात बिडीएवढा हीटर, दुसऱ्यात मोहरीएवढा काचेचा सेन्सर. हीटरनं ठोकळा तापवायचा आणि किती तापला ते सेन्सरनं प्रिंटरच्या पडद्यावर सांगायचं. सरांची नजर अधू, म्हणून बारीक काम गेनूकडे आलं.

सर म्हणाले, “सेन्सर काचेचा आहे, गेनू. नुसता टेकव. स्क्रू आवळू नकोस.”

गेनूनं सेन्सर अलगद टेकवला. मग हीटरही तसाच अलगद टेकवला. वीज चालू केली, हीटर तापला, घसरला आणि टेबलावर पडला. टेबलाला भोक पडलं.

“अरे, हीटर घट्ट बसवायचा असतो. जीव खाऊन आवळायचा.”

“मग तसं सांगायचं ना, सर.”

गेनूनं हीटर जीव खाऊन आवळला. सेन्सरही जीव खाऊन आवळला. काचेचा भुगा झाला.

सरांनी कपाळाला हात लावला. “आता हा एकच सेन्सर उरलाय. याला तळहातावरच्या फोडासारखा जपायचा.”

“मग तसं सांगायचं ना, सर.”

गेनूनं सेन्सर कापसात ठेवला. कापूस सरांच्या चष्म्याच्या डबीत ठेवला. डबी माठाशेजारी गारव्याला ठेवली. सेन्सरच्या तारा लांब होत्या, तिथवर आरामात पोचल्या. सरांनी वीज चालू केली. हीटर आपला तापतोय, तापतोय, आणि पडदा म्हणतोय तीस अंश. ठोकळ्यातून धूर निघाला तरी पडदा तीसवरच. सरांनी धावत जाऊन बटण बंद केलं.

“अरे शहाण्या, ज्याची उष्णता बघायची, सेन्सर त्याला चिकटून पाहिजे. हीटर आणि सेन्सर एकाच ठिकाणी पाहिजेत. वरून गुंडाळायचं, टेप मारायची, वारा लागू द्यायचा नाही. आणि आकडा दोनशेवर जाईपर्यंत काही हलवायचं नाही. कळलं?”

“कळलं, सर. तसंच सांगायचं ना आधी.”

आणि काय सांगू, या खेपेला सगळं जमलं. सरांनी लेकीसाठी एक इवलीशी चिमणी करून बघितली. चिमणी अगदी चोचीसकट निघाली. सरांचे डोळे भरून आले. सर आता घरी जाणार म्हणून गेनूलाही फार बरं वाटलं.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. सर माइकसमोर उभे राहून स्वागताचं भाषण वाचत होते. सभापती मागे, प्रिंटरला लागूनच्या खुर्चीत बसले होते. चेहरा उतरलेला.

“सकाळपासून कणकण वाटतेय,” ते म्हणाले. “ताप आहे का बघा रे कुणीतरी.”

मुख्याध्यापक थर्मामीटर शोधायला ऑफिसात पळाले. गेनूला पळायची गरज नव्हती. ज्याची उष्णता बघायची, सेन्सर त्याला चिकटून पाहिजे. त्यानं ठोकळ्यातून सेन्सर अलगद काढला.

“साहेब, हात वर करा.”

सभापतींचे आजवर हार झाले होते, फेटे झाले होते, पेढेतुलाही झाली होती. हाही एखादा नवीन मान असेल, असं समजून त्यांनी हात वर केला. सेन्सर काखेत गेला. मागे बसलेल्या विस्तार अधिकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्या मांडवानं वाजवल्या.

सत्काराची शाल तबकात तयारच होती. गेनूनं ती साहेबांना गच्च गुंडाळली आणि वरून टेप मारली. खुर्चीसकट मारली, म्हणजे हलायला नको. एक हात तेवढा उद्घाटनाचं बटण दाबायला बाहेर ठेवला.

“किती आहे रे?” सभापतींनी विचारलं.

“अडतीस, साहेब. दोनशेला अजून बराच वेळ आहे. हलू नका.”

सभापती हलले नाहीत. विस्तार अधिकारी गेनूच्या कानाशी लागले, “यानंतर आमचा नंबर का?”

तेवढ्यात सरांनी कागदावरून नजर न काढता पुकारलं, “आता माननीय सभापतींनी बटण दाबावं.”

सभापतींनी दाबलं. हीटर तापायला लागला, पडदा अडतीसवरच. प्लॅस्टिक जळल्याचा वास सुटला तसे सर गर्रकन वळले.

“गेनू, सेन्सर कुठाय?”

“साहेबांच्या काखेत, सर.”

सरांच्या डोळ्यांपुढं लेक आली. “अरे, सेन्सर तिथं आणि हीटर इथं?” ते कसेबसे म्हणाले. “दोन्ही एकाच ठिकाणी पाहिजेत म्हणून किती वेळा सांगू तुला?”

गेनूनं जीभ चावली. चूक त्याला मनापासून पटली. त्यानं स्क्रू सोडवला, पक्कड घेतली आणि लालभडक हीटर ठोकळ्यातून ओढून काढला. सभापती ते बघून खुर्चीसकट उठायला लागले.

“बसा, साहेब,” गेनू कळवळून म्हणाला. “सरांच्या बदलीचा प्रश्न आहे. आता दुसरा हात वर करा.”