सेकंदाचे साठ तुकडे

बोरजाई नावाच्या गावात एक भोळा माणूस राहत होता. नाव मुरलीधर. वय अठ्ठावीस, उंची भरपूर, घाई अजिबात नाही. सकाळी अंगणात दात घासायला बसला, की शेजारच्या घरची न्याहारी उरकायची, तरी ह्याची चूळ बाकी असायची. सांगितलेलं काम तो तंतोतंत करी. अडचण एवढीच, की काल सांगितलेलं तो आज करी.

मामाच्या वैजूवर त्याचं मन होतं. वैजूचंही त्याच्यावर होतं. का, ते गावाला कधी कळलं नाही.

मामा म्हणजे हैबतराव, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. ते म्हणाले, "बत्तीस वर्षांत माझी गाडी येकदा लेट झाली न्हाई. जावई लेट चालायचा न्हाई. जत्रंपातूर येक तरी गोष्ट चुटकीसरशी करून दाखीव. मग चारचौघांत सुपारी फोडतो."

सुपारी फुटली की लग्न ठरलं. मुरलीधर विचारात पडला. आपल्याला चुटकीसरशी काय येतं? दोन दिवस विचार केला. काहीच येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तो रेडिओ घेऊन प्रभाताईंच्या दुरुस्तीच्या दुकानात गेला. तिथे संगणकावर जुन्या व्हिडिओ गेममधला शिपाई सुसाट धावत होता. खंदक ओलांडले, भाले चुकवले, चार मिनिटांत गड सर!

"ताई, एवढा हात कुणाचा चालतो?"

"कुणाचाच नाही," ताई म्हणाल्या. "खेळ संगणकात घालून मुंगीच्या पावलानं चालवायचा. एका सेकंदाचे साठ तुकडे. एकेका तुकड्याला फ्रेम म्हणतात. प्रत्येक फ्रेमला कुठलं बटण दाबायचं ते ठरवत बसायचं. संगणक ते लिहून ठेवतो आणि शेवटी सगळं सलग, पुऱ्या वेगानं चालवतो. अशा रीतीनं केलंय हे लोकांना सांगूनच दाखवायचं. चार मिनिटांच्या खेळाला चार महिने लागतात."

मुरलीधरचे डोळेच भरून आले. जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्याजोगं काम सापडलं होतं. जत्रेला बरोबर चार महिने होते.

"शिकवता?"

"शिकवते. पहिला धडा. एक फ्रेम पुढे जायचं. थांबायचं. बघायचं. मगच पुढची."

"लक्षात ठेवतो," मुरलीधर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सखूआत्याची म्हैस सुटली. "मुरल्या, धर तिला!" आत्या ओरडली. मुरलीधरनं एक पाऊल टाकलं. थांबला. बघितलं. मग दुसरं टाकलं. म्हशीनं आत्याची वांगी खाल्ली, मेथी खाल्ली, आणि पुढच्या गावाला जाऊन ती दूधसुद्धा देऊन आली. तोवर मुरलीधर आत्याच्या दारातल्या तुळशीपर्यंत पोचला होता.

"आरं मुरल्या, ह्ये काय केलंस?" आईनं कपाळावर हात मारला.

"ताईंनी सांगितलं तसंच केलं."

ताईंनीही कपाळावर हात मारला. "अरे, ते खेळात! आणि खेळातसुद्धा संकट आलं की नुसतं बघत नाही बसायचं. आधी आहे ती जागा सेव्ह करायची. म्हणजे संगणकात राखून ठेवायची. मग बिनधास्त उडी घ्यायची. चुकली तर राखलेल्या जागेवर परत, जसंच्या तसं."

"लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आईनं त्याला माळ्यावरून लोणच्याची बरणी काढायला लावलं. "जपून रं बाबा, वर्साचं लोणचं हाय." मुरलीधर बरणी घेऊन माळ्याच्या कडेला आला. खाली बघितलं. संकट होतंच. "सेव्ह!" तो म्हणाला, आणि त्यानं उडी घेतली.

आवाज ऐकून आई धावली. मुरलीधर फोडींमध्ये मांडी घालून, डोळे मिटून बसला होता. केसांतून खार गळत होता.

"आरं मुरल्या, ह्ये काय केलंस?"

"थांब गं आई. बरणी आत्ता परत होईल."

संध्याकाळपर्यंत बरणी काही परत झाली नाही.

"अरे देवा," ताई म्हणाल्या, "बरणीला सेव्ह नसतं! तू उड्या सोड. आज दुसरं शीक. खेळात शत्रूला चुकवण्यात वेळ जातो. कधी कधी त्याचा धक्का मुद्दाम पाठीवर घ्यायचा. धक्क्यानंच आपण पुढे फेकले जातो. वेळ वाचतो."

"लक्षात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी मामांनी त्याला सकाळी दहाला जेवायला बोलावलं होतं. दहाला पाच कमी असताना मुरलीधर अजून ओढ्यापाशीच होता. समोर पाटलांचा रेडा, शिंगं रोखून. दुसरा माणूस पळाला असता. मुरलीधरनं रेड्याकडे पाठ केली, थोडा वाकला, आणि म्हणाला, "या."

मामांच्या अंगणात वैजू पापड वाळत घालत होती. कुंपणावरून मुरलीधर आला आणि दोनशे पापडांवर उतरला. घड्याळात दहाला चार कमी होते.

"मामा, वेळेआधी आलो," तो आडवा पडूनच म्हणाला. मामांनी घड्याळ पाहिलं, पापड पाहिले, आणि आत निघून गेले. वैजू मात्र हसत हसत त्याच्या पाठीला हळद लावायला बसली.

त्यानं ताईंना मोठ्या अभिमानानं सांगितलं, "पहिल्याच दणक्यात जमलं!"

"हेच तुझं चुकतं," ताई चिडल्या. "पहिल्या दणक्यात जमलं म्हणून हुरळून जायचं नाही. एक फ्रेम जरी वाया गेलेली दिसली, तर झालेलं सगळं पुसायचं, मागे जायचं, पुन्हा करायचं. शंभरदा करायचं. कुणी कितीही वाहवा केली तरी!"

"लक्षात ठेवतो," मुरलीधर म्हणाला.

आणि काय सांगावं, त्यानं लक्षात ठेवलं! शिपाई खंदकाच्या काठाशी नखभर अडखळला, की पूस. पुन्हा कर. भाला चुकवताना एक फ्रेम जास्त गेली? पूस. पुन्हा कर. दुसऱ्या कुणाला वेड लागलं असतं. मुरलीधरला भूक चांगली लागू लागली. अकरा हजार वेळा पुसून त्यानं गड सर केला, तेव्हा ताईंनी चष्मा काढून डोळे टिपले.

जत्रेच्या दिवशी दुपारी शाळेत पडदा लागला. खेळ कसा केलाय ते ताईंनी सगळ्यांना समजावून सांगितलं. मग शिपाई निघाला. लोकांनी श्वास रोखले. तीन मिनिटं एक्कावन्न सेकंदांत गडावर झेंडा! ताईंच्या दुकानातल्या खेळापेक्षा नऊ सेकंद कमी! पोरांनी शिट्ट्या मारल्या. हैबतराव उभे राहिले. त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून मुरलीधरच्या डोक्यावर ठेवला.

"जिकलास, भाच्या! आना सुपारी!"

तिथल्या तिथे पाट मांडले. मुरलीधरला टिळा लागला, वैजूला कुंकू लागलं. गावची पाच मोठी माणसं बसली. मामांनी बत्ता उचलला. पहिला घाव निसटून फरशीवर बसला, दुसऱ्या घावाला सुपारी फुटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई पदरानं डोळे पुसू लागली. वैजू लाजून खाली बघत होती.

"थांबा!" मुरलीधर म्हणाला.

सगळे थांबले.

"मामा, पहिला घाव वाया गेला."

"मग? फुटली न्हवं सुपारी?"

"नाही चालायचं. एवढं चांगलं काम, त्यात डाग नको. सगळं पुसायचं, मागे जायचं, पुन्हा करायचं."

कुणाला काही कळायच्या आत त्यानं सुपारीची खांडं गोळा करून मामांच्या हातात दिली. फेटा काढून त्यांच्या डोक्यावर ठेवला. बाहीनं स्वतःचा टिळा पुसला. आणि मग वाकून, फार हळुवार हातानं, वैजूच्या कपाळावरचं कुंकूही पुसलं.

बायकांच्या तोंडून एकदमच "अगं बाई!" निघालं. आई मटकन खाली बसली. हैबतरावांचा चेहरा लाल झाला.

"मागं घ्यायचं म्हनतोस?"

"घ्याच मामा."

"घ्येतलं." मामांनी खांडं खिशात टाकली आणि वैजूचा हात धरून ते दाराकडे निघाले. उंबऱ्यापाशी वैजूनं मागे वळून पाहिलं. तिचे डोळे डबडबले होते.

"मला पयल्यांदाचंच आवडलं हुतं की रं," ती म्हणाली.

दोघं बाहेर गेली. मामांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही लांब गेला. पाट रिकामे, फरशी कोरी. मुरलीधर समाधानानं हसला आणि प्रभाताईंकडे वळला.

"ताई, बघा, सगळं कसं नीट मागे गेलं! आता पुन्हा सुरू करायचं बटण कुठलं?"