पाटीवरची वाणी

"मग हा कोण, बाबा? तुम्हीच सांगा. कोण आहे हा?"

नागनाथने प्लास्टरचा ठसा म्हाताऱ्यापुढे धरला होता. तळहातात मावेल एवढा चौकोन. त्यात मांडी घालून बसलेला एक जण, डोक्याला शिंगं, भोवती जनावरं, आणि वरती पाच खुणांची एक ओळ.

सारंगधरबाबांनी तो डाव्या हातात घेतला. उजवा हात मांडीवर नुसता पडून होता.

"निवांत बसलाय," बाबा म्हणाले.

"पशुपती आहे, बाबा. साक्षात शिव. आणि वर त्याचं नाव आहे... ते मी वाचलंय."

हे वाक्य प्राध्यापक नागनाथ गुरव यांनी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं, बायकोसमोर म्हणून पाहिलं होतं, आणि एकदा केस कापता कापता न्हाव्यालाही ऐकवलं होतं. सगळीकडे ते चांगलं वाजलं होतं. इथे, गोदाकाठच्या मठाच्या ओसरीवर, ते पडलं आणि तसंच पडून राहिलं.

बाबांनी ठसा उजेडाकडे वळवला.

ठसा सिंधूच्या खोऱ्यात सापडलेल्या मुद्रेचा होता, आणि तिथली लिपी आजवर कुणाला निर्विवाद वाचता आलेली नाही. भल्याभल्यांनी तिच्यापायी डोळे आणि संसार घालवले. नागनाथचंही अर्धं आयुष्य तिच्यात गेलं होतं, आणि त्याचं म्हणणं असं की आपल्याला ती सापडली. पुस्तक छापखान्यात तयार होतं. सोमवारी छपाई सुरू व्हायची होती. पहिल्या पानावर बाबांचे दोन शब्द हवे होते. 'वाचन बरोबर आहे', एवढेच.

बाबांचेच का, तर नागनाथ अक्षर बघायला शिकला तो याच ओसरीवर. बाबांच्या पंथात जुन्या काळी पोथ्या सांकेतिक लिपीत लिहीत, एका अक्षराच्या जागी दुसरंच. ती उलगडणारी माणसं आता फार थोडी उरली होती, आणि त्यात बाबांचा शब्द अखेरचा मानला जाई. त्यांनी मान हलवली की पुण्यात कुणाची नाही म्हणायची छाती नव्हती.

"वाच बघू," बाबा म्हणाले.

नागनाथ सरसावून बसला. हीच तर त्याची हौस होती.

"उजवीकडून डावीकडे जायचं. हा मासा... 'प'. ही कंगव्यासारखी खूण, 'शु'. ही घागर, 'प'. हा बाण, 'ति'. पशुपति."

"मासा 'प'?"

"हो."

"आणि घागरही 'प'?"

"हो. म्हणजे... त्या लेखनिकाची लकब आहे ती."

"अन् ही काठी राहिली की शेवटची."

"ती शोभेची आहे, बाबा."

बाबांनी मान डोलावली. त्यात होकार होता की नव्हता, ते नागनाथला कळलं नाही. त्याने होकार धरला.

त्याने पिशवीतून दुसरा ठसा काढून शेजारी ठेवला. "हा बघा, यावरही तीच घागर आहे. इथे मात्र ती खरीच घागर. कुंभ. अमृतमंथनातला."

"इथे 'प' नाही?"

"नाही."

"कामून?"

"इथे 'प' बसत नाही."

"बसत नाही..." बाबा स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी वर पाहिलं. "नागनाथा, अर्थ लागला, की लावलास?"

नागनाथच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पुण्यातल्या कुणी असं विचारलं असतं तर त्याने त्याला तिथल्या तिथे झोपवला असता. उत्तरं तयार होती, तळटिपांसकट. पण समोर बाबा होते.

"लावल्याशिवाय लागतो का कुठे?" तो म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तुम्हाला काय, बाबा... तुमच्या पोथ्यांची किल्ली तुमच्याजवळ होती. या लोकांनी मला काय ठेवलं? चार खुणा इथे, पाच खुणा तिथे. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. विचारायचं कुणाला?"

"खरं आहे," बाबा म्हणाले.

"आणि मला हे वाचायचंच होतं!"

"कामून?"

...

हे मात्र त्याने आरशालाही सांगितलं नव्हतं.

"अण्णांसाठी," तो म्हणाला. "माझ्या वडिलांसाठी."

अण्णा गावच्या महादेवाचे गुरव. पहाटे विहिरीवरून पाणी आणायचं, पिंडीला अंघोळ घालायची, बेल वाहायचा, संध्याकाळी दिवा. यापलीकडे त्यांना जग नव्हतं आणि त्याची तक्रारही नव्हती. एकदा तालुक्याहून कुणी शिकलेला पाहुणा देवळात आला. पायरीवर बसून अण्णांच्या हातचं खोबरं खाल्लं आणि खाता खाता म्हणाला, तुमचा हा देव काही एवढा जुना नाही हो, मागाहून आलेला आहे. बोलून तो निघून गेला. अण्णा गाभाऱ्यात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"मला विचारलं त्यांनी. मी तेव्हा कॉलेजात होतो. म्हणाले, नागू, तू शिकतोस ना, खरं का रे ते? मी म्हटलं, अण्णा, आपला देव पाच हजार वर्षांचा आहे. मी शोधून दाखवतो."

"मग?"

"शोधलं. पण तोवर ते गेले."

बाबांचा डावा अंगठा ठशावरच्या शिंगांवरून फिरला. मागच्या हिवाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं होतं. हात गेला, जीभ गेली. जीभ पुढे हळूहळू परतली, हात नाही परतला. नागनाथला तेव्हाच निरोप मिळाला होता. पण पुस्तकाचं शेवटचं प्रकरण चालू होतं आणि येणं झालं नाही. ते त्याला आता, या ओसरीवर, फार बोचलं.

"सुभद्राबाई," बाबांनी आत हाक दिली. "ती पाटी आणा."

मठाची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या वयस्क सुभद्राबाई तांबड्या कापडात काहीतरी गुंडाळून घेऊन आल्या. नागनाथ हात पुढे करणार, तोच त्या मागे सरल्या.

"हात धुतले का, सर?"

नागनाथ उठला, हात धुऊन आला. मग बाईंनी कापड सोडलं. शाळेतली साधी दगडी पाटी. चौकटीला चंदनाचा टिळा, ताज्या झेंडूचा हार. पाटीवर खडूच्या वाकड्यातिकड्या दोन-तीन रेघोट्या, पुसू नयेत म्हणून वरून काच बसवलेली.

"बाबांची जीभ गेल्ती तव्हाची हाये," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "डाव्या हातानं लिव्हलंय. त्या आजारपणातला एकच शब्द."

"वाच बघू," बाबा म्हणाले.

नागनाथने चष्मा पुसला. हे त्याचं रोजचं काम. पाटी उजेडाकडे वळवली, मान तिरकी केली, ओठ हलले. शेवटचं अक्षर उघड होतं, 'णी'. मधला काना आडवा गेलेला, पण कानाच. पहिलं अक्षर... पोट मिटलेलं, दांडा थरथरलेला. 'व'.

"वाणी," तो म्हणाला.

"बगा!" सुभद्राबाई हरखल्या. "आमीबी त्येच वाचलं. कुणी शिकवलं न्हाई आमाला."

नागनाथ पाटीकडे बघतच राहिला. "ज्याची वाचा गेली त्याने हा शब्द लिहावा... बाबा, जन्मभर जे सांगितलंत ते सगळं यात आलंय. शब्द गेला, वाणी उरली. माझं पुस्तक या पाटीपासून सुरू करायला हवं होतं."

"छान लावलंस," बाबा म्हणाले.

...

"म्हणजे?"

"पाणी लिहिलं होतं मी."

नागनाथला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं.

"पाणी," बाबा पुन्हा म्हणाले. "डावा हात, सवय न्हवती. थरथरला. 'प'चं तोंड मिटलं, 'व' झाला. घशाला कोरड पडली होती नुसती."

"आसंच म्हंत्यात बाबा," सुभद्राबाई समजुतीने हसल्या. "परीक्षा बगत्यात आमची. अन् पानी म्हंजी तरी काय, सर? जीवनच की. येकच झालं ते."

नागनाथने बाईंकडे पाहिलं. एकच झालं ते... हे बोलणं त्याला फार ओळखीचं वाटलं.

"मग पुढे?" त्याने विचारलं.

"बाईंनी पाटी वाचली, कपाळाला लावली. सगळ्यांना बोलावलं. पलंगाभोवती भजन झालं. लई गोड झालं," बाबा म्हणाले. खोटं नव्हतं ते. सांगताना त्यांचा चेहरा मऊ झाला होता. "जीव लावतात रे माणसं."

"पण पाणी?"

"आरती झाल्यावर तीर्थ मिळालं. एक पळी."

"तुम्हाला मान तरी हलवता येत होती की, बाबा!"

"हलवली ना. जोरजोरात हलवली. त्यांना वाटलं, भजनात रंगलो."

नागनाथला हसू फुटलं. आवरेना. पोट धरून तो हसला, बाबाही हसले, वाकड्या ओठाने. सुभद्राबाईंनी पाटी कापडात गुंडाळायला घेतली, जरा रागानेच.

आणि हसता हसता नागनाथ मध्येच थांबला.

चेहरा उतरला त्याचा. हात मांडीवर येऊन पडले.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"अण्णांची जीभ शेवटी वळत नव्हती," तो म्हणाला. "सारखं काहीतरी सांगत होते. एकच काहीतरी, पुन्हा पुन्हा. हाताने मला जवळ ओढत होते. मी... मी त्यांच्या कानात शिवनाम घेत बसलो. ते बोलायला लागले की मी आणखी मोठ्याने घ्यायचो. लोक म्हणाले, लेक असावा तर असा."

"काय सांगत होते?"

"नाही माहीत."

नदीकडून वारा आला. हारातल्या झेंडूच्या चार पाकळ्या ओसरीवर पडल्या.

"विचारलंच नाही मी," नागनाथ म्हणाला. "मला वाटलं, देवाचंच नाव घेत असतील. दुसरं काय घेणार? म्हणून विचारलंच नाही."

तो रडला. एवढा मोठा प्राध्यापक, चष्मा हातात धरून, लहान मुलासारखा रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. बाबांनी समजूत घातली नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. नुसते बसून राहिले त्याच्यासोबत.

सुभद्राबाई आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला. परत आल्या त्या तांब्या-पेला घेऊन, आणि त्यांनी तो बाबांपुढे ठेवला.

"आत्ता तहान न्हाई, बाई," बाबा म्हणाले.

बाई घुटमळल्या. तांब्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. मग त्या नागनाथकडे वळल्या आणि जन्मात पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं त्यांनी विचारलं, "सर... तुमाला पायजे का?"

"हो," नागनाथ म्हणाला. "द्या."

दोन पेले पाणी तो घटाघटा प्यायला. तोंड पुसलं. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं होतं. परतीची एसटी यायची वेळ झाली होती.

पहिला ठसा अजून बाबांच्या डाव्या हातात होता. शिंगवाला तसाच बसला होता, वरच्या पाच खुणांसकट.

"सोमवारी छापायला घेणार आहेत," नागनाथ म्हणाला. आवाज आता साधा होता. "थांबवू म्हणता?"

बाबा ठशाकडेच बघत होते.

"मग एवढं तरी सांगा, बाबा. हा देव नाही?"

बाबांनी ठसा त्याच्या ओंजळीत ठेवला. बोटं सुटायला वेळ लागला.

"असेल की देव," बाबा म्हणाले. "... पण पाणी मागत असला, तर?"