जेवणानंतरचे मीठ

गुळाच्या पेठेचे एक गाव होते. त्या गावात एकदा एक व्यापारी होऊन गेला, ज्याच्या वखारीत गुळाच्या ढेपा आढ्याला टेकत आणि घरातला चहा मात्र अगोड असे. त्याला सगळे अण्णा म्हणत. अण्णा दुष्ट नव्हते, व्यसनी नव्हते. त्यांना खर्च करणे जमत नव्हते, एवढेच. अशा माणसाची बाहेर फार स्तुती होते. त्याच्या घरच्यांना विचारायला कोणी जात नाही.

अण्णांना एकुलता एक मुलगा. त्याला वैद्यकी शिकायची होती. शहरातल्या विद्यालयात प्रवेशही मिळाला होता. अण्णा म्हणाले, "आपली ऐपत नाही." मुलाने ते खरे मानले. तो दुसऱ्याच्या दुकानी कारकून झाला, त्याचे लग्न झाले, मुलगी झाली, केस पिकू लागले. घरात आई थंडीच्या दिवसांत विरलेल्या लुगड्याचा पदर दुहेरी करून चुलीपाशी बसायची. मुलगा विचारायचा, "आई, थंडी वाजते का गं?" ती म्हणायची, "छे! मला कुठली थंडी?" तेही तो खरे मानायचा.

म्हातारपण जाणवू लागले तसे अण्णांनी एके दिवशी मुलाला समोर बसवले आणि आयुष्यभराची पुंजी त्याच्या हवाली केली. तेवढ्या पैशांत चार वैद्य शिकून बाहेर पडले असते. "हे सगळं तुझ्यासाठीच राखलं होतं," अण्णा म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मुलगा पाया पडला. बाप असावा तर असा, असे पेठेत जो तो म्हणू लागला. मुलगा मात्र ते ऐकले की खाली मान घालून पुढे निघून जाई.

लहानपणी ज्यांच्यापाशी तो शिकला ते वृद्ध गुरुजी गावाबाहेर एकटेच राहत. तो त्यांच्याकडे गेला.

"गुरुजी, लाज वाटते, पण सांगतो. मला आनंद झाला नाही. रागच आला. म्हणजे ऐपत होती! तेव्हाही होती! आईलासुद्धा ते ठाऊक होतं. मग वाटतं, अण्णांनी स्वतःसाठी तरी कुठे काय घेतलं? ठिगळं लावलेली धोतरं नेसले. अशा माणसावर रागवायचं कसं? आणि रागवायचं नाही, तर मी काय दगड आहे?"

"मग काय ठरवलंस?"

"मी त्या पैशाला हात लावणार नाही. सगळा मुलीच्या नावावर ठेवून देतो. मोठी झाली की तिला मिळेल."

"ती पेटी वाजवायला शिकायची म्हणत होती ना?"

"बघू पुढे. एवढी काय घाई आहे?"

गुरुजी उठून चुलीपाशी गेले. मग म्हणाले, "जेवायला थांब."

गुरुजींनी स्वतः रांधले. भाकरी, वांग्याची भाजी, तुरीची आमटी. शिष्याने पहिला घास घेतला आणि तो थबकला. भाजीत मीठ नव्हते. आमटीतही नव्हते. म्हातारपणी विसर पडायचाच, असे मनाशी म्हणून तो गुमान जेवला. ताटात टाकणे बरे दिसले नसते, म्हणून कसेबसे सगळे संपवले. समोर गुरुजीही खाली मान घालून जेवत होते.

हात धुऊन तो बसला, तेव्हा गुरुजींनी फळीवरून मिठाची काठोकाठ भरलेली वाटी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"घे. सगळं तुझंच आहे."

"आता?" तो चकित झाला. "जेवण तर झालं, गुरुजी! घरात होतं, मग तेव्हाच का नाही घातलंत?"

"तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं."

शिष्याने वाटीकडे पाहिले, गुरुजींकडे पाहिले. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

गुरुजी म्हणाले, "मिठात खोट नाही. राखण्यात कपटही नव्हतं. पण जेवण अळणी झालं ते झालंच. ही वाटी आता त्याला चव आणू शकत नाही. तू अण्णांचे उपकार मान, आणि माझं जे गेलं ते गेलं, असंही म्हण. दोन्ही एकाच तोंडाने म्हणता येतं. त्यात पाप नाही. पण माझं ताट पाहिलंस का? मीही अळणीच जेवलो. सतत राखत बसणाऱ्याची जीभ आधी मरते, बाबा. मग समोरचा काय गिळतो आहे, हे त्याला कळेनासं होतं."

"मग या मिठाचं मी करू काय?"

"ज्यांचं जेवण अजून चाललं आहे, त्यांच्या ताटात वाढ. झाकून ठेवू नकोस. झाकण हातात घेऊन तर तू इथे आला होतास."

शिष्याचे कान तापले. पेटीसाठी हट्ट धरून रडणारी मुलगी त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि तिला आपण कोणाच्या आवाजात उत्तर दिले होते, तेही आठवले.

त्याच आठवड्यात घरात पेटी आली आणि बेसूर सूर उमटू लागले. आईसाठी त्याने लोकरीची उंची शाल आणली. आईने तिच्यावरून हात फिरवला, घडी मोडली नाही. "छान आहे रे. ट्रंकेत ठेवते. नातीच्या लग्नात होईल," ती म्हणाली आणि उठली.

त्याने शाल तिच्या हातातून काढून घेतली, उलगडली आणि तिच्या खांद्यांवर घातली. आई अंग चोरून बसली, शाल मळेल म्हणून हातसुद्धा हलवीना. अण्णा समोर होते. घरात नवी वस्तू आली की ते आधी किंमत विचारत.

थोड्या वेळाने आईचे खांदे सैल झाले. तिने शाल गळ्याशी ओढून घेतली आणि नवल वाटल्यासारखे इकडेतिकडे पाहिले.

"इतकी थंडी होती का रे आपल्या घरात?" ती म्हणाली.

मुलाने शालीचे टोक तिच्या पायांवर सारखे केले. अण्णांनी त्या दिवशी किंमत विचारली नाही.