कड्याकडे पाहणारे कारागीर

भरुकच्छ बंदरात राजा अश्वसेन नांदत होता, त्या काळी बोधिसत्त्व एका मण्यांच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मला. त्याचे नाव नंदिसेन. माल पाहिला की इतर व्यापारी त्याचा भाव विचारीत. नंदिसेनाला मात्र भलतेच प्रश्न पडत. हा रंग कशाने आला? ही गोणी शिवणाऱ्याने टाका उलटा का घातला? बाप कपाळाला हात लावी.

मोठेपणी त्याने विरोचन नावाच्या मित्राशी भागीदारी केली. दोघांनी होते नव्हते ते विकले आणि समुद्रापलीकडच्या एका बेटावर काचमण्यांची भट्टी घातली. तिथे वाळू स्वच्छ होती, लाकूड मुबलक होते आणि माणसांच्या हातात कसब होते. केसुंबा नावाचा म्हातारा त्यांचा मुकादम झाला. पाहता पाहता ती माणसे असे मणी वळू लागली की भरुकच्छचे कारागीर पाहत राहावेत.

एकच गोष्ट विचित्र होती. मधूनच, कधी सकाळी तर कधी भर दुपारी, सगळे कारागीर काम टाकून उठत. भट्टीतली लाकडे ओढून ओल्या वाळूखाली दाबत. मग अंगणात येऊन मागच्या उंच कड्याकडे तोंड करून गप्प बसत. काही वेळाने उठून पुन्हा भट्टी पेटवत. कारण विचारले तर केसुंबा म्हणे, "धनी, आमच्याकडे हे बोलत नाहीत."

विरोचनाचा पारा चढे. "ही चक्क कामचुकारी आहे," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला आपल्याकडचे चार दांडगे पहारेकरी आणतो."

नंदिसेन म्हणाला, "अरे, कामचुकार माणूस सावलीत बसतो. हे उन्हात का बसतात?"

विरोचन तोवर तयार मण्यांच्या राशी मोजू लागला होता.

माल न्यायला भरुकच्छचे गलबत किनाऱ्याला लागले. वारा फिरायच्या आत ते भरून निघाले नाही तर माल वर्षभर बेटावर पडून राहणार होता, आणि दोघांजवळ दुसरे काहीच उरले नव्हते. शेवटचे मणी भट्टीत होते. नेमके तेव्हाच कारागीर उठले, त्यांनी लाकडे बाहेर ओढली आणि ते अंगणात जाऊन बसले.

विरोचन ओरडत राहिला. नंदिसेन मात्र केसुंबाच्या शेजारी उन्हात जाऊन बसला आणि म्हातारा जिथे पाहत होता तिथे पाहू लागला. आधी नुसता खडक दिसला. मग खडकाला लटकलेली काळी आग्या मोहोळे दिसली, एक ना दोन, सगळा कडा भरून. मग त्यांच्यामधून लोंबणारा एक दोर दिसला. दोराच्या टोकाला, मधाची टोपली घेऊन, एक मुलगी होती. वारा नंदिसेनाच्या पाठीवर लागत होता आणि सरळ कड्याकडे जात होता.

तेवढ्यात त्याला धुराचा वास आला. विरोचनाने भट्टी पेटवली होती. धुराचा लोट कड्यावर पोचला असता तर सगळी मोहोळे उठून त्या मुलीवर तुटून पडली असती.

केसुंबाचा चेहरा पांढराफटक पडला, तरी त्याच्या तोंडून शब्द फुटेना. नंदिसेन धावला आणि त्याने पाण्याचा हंडा उचलला.

"भट्टी तडकेल!" विरोचन किंचाळला. "सगळं बुडेल रे आपलं!"

"बुडू दे," नंदिसेन म्हणाला आणि त्याने हंडा भट्टीत रिकामा केला.

भट्टी तडकली. आतल्या मण्यांचा चुरा झाला. धुराची एक पातळ रेघ कड्यापर्यंत गेली, मोहोळे हलली आणि पुन्हा शांत झाली.

मुलगी खाली उतरली. ती केसुंबाची लेक होती. म्हातारा तिला जवळ घेऊन ढसढसा रडला. मग म्हणाला, "धनी, हंगामातला शेवटचा मध आज उतरला, म्हणून आता बोलतो. हंगाम सरेपर्यंत दोरावरच्या माणसाचं नाव काढायचं नाही, अशी आमची रीत. नाव काढलं तर दोर ऐकतो आणि तुटतो."

"पण भट्टी घालायच्या आधी तरी सांगायचंत!" नंदिसेन म्हणाला.

"तेव्हा तुम्ही, 'मजुरी किती घ्याल?' एवढंच विचारलंत. 'भट्टी कुठं घालू?' हे कुणी विचारलंच नाही."

नंदिसेन ओशाळला. साऱ्या जगाला प्रश्न विचारणारा तो, नेमका हाच प्रश्न विसरला होता.

गलबत अर्धे रिकामे गेले आणि विरोचन धुसफुसत त्याबरोबर गेला. नंदिसेन बेटावरच राहिला. त्याने विचारले, तेव्हा केसुंबाने डोंगरापलीकडची जागा दाखवली. नवी भट्टी उभी राहीपर्यंत एकाही कारागिराने मजुरीचा विषय काढला नाही. पुढच्या वर्षीचे गलबत काठोकाठ भरून निघाले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात एका भिक्षूला सांगितली. तो दूरदेशी विहार बांधायला गेला होता आणि तिथली माणसे आळशी आहेत, मधूनच काम थांबवतात, अशी तक्रार घेऊन परतला होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा केसुंबा म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. दोरावरची मुलगी म्हणजे भिक्षुणी उत्पलवर्णा. नंदिसेन मी होतो. विचारून जाणणे आणि जाणल्यावर आपले नुकसान न मोजणे, ही त्या जन्मीची प्रज्ञापारमिता, म्हणजे प्रज्ञेची परिपूर्णता."

भिक्षूने दबकत विचारले, "आणि विरोचन, भगवन्?"

शास्ते हसले. "ती माणसं काम का थांबवत होती, ते तू त्यांना विचारलंस का?"

भिक्षूने शास्त्यांना वंदन केले. मग त्याने आपले भिक्षापात्र उचलले आणि आल्या वाटेने तो परत निघाला.